आबाचे कान आणि मायचा पदर

आमच्या घरात कोणी हळू बोलत नव्हतं. जुन्या जालन्यात जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर, घर एवढंच. पण त्या घरातलं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. गल्लीत नवा माणूस आला की त्याला वाटायचं, इथं भांडण पेटलंय. शेजारची धोंडाबाई त्याला समजावून सांगायची, "न्हाई हो, जेवायला बसलेत ते." मी मीठ मागितलं तरी पलीकडच्या घरांना कळायचं की आज आमच्या आमटीत मीठ कमी पडलं. या सगळ्याला अपवाद एकच, ती माझी माय. ती आम्हा पोरांवर वरडायची ते जगाला ऐकू जायचं, पण आबाशी, म्हंजे माझ्या वडलांशी बोलताना ती पदराचं टोक तोंडावर धरायची आणि खाली बघून हळूच बोलायची. ती पिंपळगाव रेणुकाईची. तिच्या माहेरी नवऱ्याशी बोलायची रीतच तशी होती, आणि नवऱ्याचं नाव तर मेलं तरी घ्यायचं न्हाई. आबाचं नाव रंगनाथ. मायच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा तिनं मला पुढं ढकललं आणि म्हणाली, "हा सांगंल."

शाळा माझी चौथीपर्यंत. पण ती त्या वेळची चौथी. आत्ताच्या कॉलेजवाल्या नातवाला मी तोंडी हिशेब घालतो तेव्हा तो मोबाईल काढतो, एवढं सांगितलं म्हंजे पुरे. चौथीनंतर इकडंतिकडं मजुरी केली आणि मिसरूड फुटल्यावर आबानं मला जिनिंगमध्ये लावलं. ज्यानं जिनिंग बघितलं न्हाई त्याच्यासाठी सांगतो: शेतातून कापूस येतो तो सरकीसकट. मशीन त्यातली सरकी, म्हंजे बी, वेगळी पाडते आणि रुई वेगळी. रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. अशी मशीनं रांगेनं दोन्ही बाजूला, आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ती थांबत न्हाईत. आवाज कसा होता ते लिहून दाखवता येत न्हाई. पत्र्याच्या छपरावर कोणी सतत खडी ओतून राह्यलंय आणि आपण त्या पत्र्याखाली उभे आहोत, असं समजा. सुट्टी झाल्यावर बाहेर आलो की जग लोकरीत गुंडाळल्यासारखं वाटायचं आणि कानात एक बारीक शिट्टी वाजत राहायची. आम्ही त्या शिट्टीला जिनिंगची पाहुणी म्हणायचो. संध्याकाळी यायची, सकाळी जायची. पुढं पुढं काही जणांकडं ती मुक्कामालाच राहिली.

अशा जागी तोंडानं बोलून उपयोग न्हाई. आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलायचो. चहा पाह्यजे तर अंगठा ओठाला, पट्टा सुटला तर हवेत गोल बोट, शेठ आला तर पोटावरून मोठा हात फिरवायचा. रांगेच्या या टोकाच्या गड्यानं दिलेली शिवी त्या टोकाच्या गड्याला अक्षरासकट कळायची आणि तिचं उत्तरही तिथल्या तिथं मिळायचं. आबा मशीनचा मिस्त्री. त्याचं ओठ वाचणं असं पक्कं की समोरच्यानं मनात पुटपुटलं तरी तो म्हणायचा, "माझ्या बापाचं नाव काढू नको." बाया मशीनमध्ये कापूस टाकायच्या, माय त्यांच्यातच. रुईची बारीक धूळ नाकातोंडात जायची म्हणून बाया पदरानं तोंड बांधून घ्यायच्या. त्यांच्या ओठांचं बोलणं मंग कोणाला दिसत न्हाई; त्या डोळ्यांनी बोलायच्या. त्यातलं निम्मं आमच्याबद्दलच असायचं, एवढं समजायचं.

आता घरातला आबा. आबा चुलीपुढं पाटावर बसायचा, मांडीवर हात ठेवून, अन् माय भाकरी थापायची. ज्वारीची भाकर, येसराची आमटी, कांदा फोडलेला. माय पाठमोरी, पदराआडून काही सांगायची. आबा म्हणायचा, "हं." ती विचारायची, "मंग जायचं का?" आबा म्हणायचा, "हं." कधी नुसतं "हं" पुरायचं न्हाई असा सवाल आला की तो चिडायचा, "मोठ्यानं बोल की जरा! तोंडात भाकर धरून बोलती का?" मंग माय मोठ्यानं बोलायची. त्याबरोबर आबा दोन्ही हात कानावर, "वरडू नको! मी काय बहिरा हाय का? गल्ली आयकती!" माझ्याशीही तेच. हळू बोललो तर पुटपुट्या, मोठ्यानं बोललो तर उद्धट. आबाच्या कानाला पटेल असा आवाज काढायला आमच्यापैकी कोणालाच जमलं न्हाई. आणि गंमत अशी की दारात कोणी भरड्या आवाजाचा गडी येऊन "काय मिस्त्री" म्हणाला तर आबाला ते पहिल्या झटक्यात कळायचं. रेडिओवरच्या बातम्या गड्यानं दिल्या तर कळायच्या, बाईनं दिल्या तर रेडिओ बिघडलेला. मायनं हे सगळं बघून आपला निकाल कधीच लावून टाकला होता. मला म्हणायची, "गड्यांचं समदं आयकू येतं बराबर. म्या बोलले की कानात बोळे."

मंग मायच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. माय आठवडाभर आबाला सांगत होती. पदराआडून, चुलीकडं तोंड करून, खाली बघून. आबा दर वेळी "हं." तिनं नवं लुगडं काढून ठेवलं, आबाचं धोतर धुऊन ठेवलं, आणि लग्नाच्या दिवशी आबा सकाळीच उठून कामावर निघून गेला. माय दारात लुगडं नेसून उभी. मी म्हणालो, बोलावून आणतो. ती म्हणाली, "काही गरज न्हाई. समदं आयकून गेलेत ते." एकटी गेली. माहेरच्या मांडवात नवऱ्याशिवाय आहेर केला. भावानं विचारलं, "दाजी कुठं?" तर हिनं सांगितलं, आजारी हायेत. आल्यावर तिनं आबाशी बोलणं बंद केलं आणि कोपऱ्यात आपल्या कपड्यांचं एक गाठोडं बांधून ठेवलं. मला एकट्याला सांगितलं, "हंगाम सरला की मी पिंपळगावला. भावाच्या शेतात निंदीन, खुरपीन. तिथं माझं बोलणं कोणी तरी आयकंल."

आमच्या घरातली खरी पंचाईत इथून सुरू झाली. माय बोलायची बंद झाली हे आबाला कळेचना. त्याचं सगळं सुरळीत चाललं होतं. भाकर येत होती, आमटी येत होती, तो अधूनमधून सवयीनं "हं" म्हणत होता, कोणी काही विचारलेलं नसताना. गाठोडं त्याला धुण्याचं वाटलं. एक दिवस तो हात धुता धुता खुशीत मला म्हणाला, "किसन, हल्ली घरात लई शांतता हाय. बरं वाटतं." मायनं पातेलं खाली आदळलं. आबा दचकला. म्हणाला, "हळू!"

मला काय करावं कळत नव्हतं. पोरांत मी थोरला, म्हणून दोघांच्या मधे अडकलेला मीच. मायला म्हणालो, थांब, त्याला खरंच ऐकू येत नसंल. ती म्हणाली, "तुझा बाप हाय, तू त्याचीच बाजू घेशील." आबाला म्हणालो, तुम्हाला ऐकू कमी येतं का? तो म्हणाला, "पट्ट्याचा एक टाका उसवला तर मला इथं बसून कळतं." ते खरंही होतं. हे दोघं आपापल्या जागी इतके बरोबर होते की मी एकटाच चुकीचा दिसत होतो.

अशात एक दिवस जिनिंगच्या दारात जीप आली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. पुण्याकडच्या, चष्मेवाल्या, बारीक अंगाच्या. कानाच्या डॉक्टर. मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसांच्या कानाचं काय होतं याचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या हातात आवाज मोजायचं, सुईवालं एक यंत्र होतं. ते घेऊन त्या मशीनच्या रांगेतून चालल्या तर सुई जी टोकाला गेली ती तिथंच थरथरत राहिली. आबा पुढं होऊन म्हणाला, "बाई, सुई अडकली. काढून देऊ का?" बाई हसल्या. त्यांना कान तपासायला शांत जागा पाह्यजे होती. जिनिंगमध्ये शांत जागा मागणं म्हंजे विहिरीत कोरडी जागा मागणं. पण मुकादमाला सुचलं: गाठींचं गोदाम. रुईच्या गाठी चहूबाजूंनी रचल्या, वर फळ्या टाकून त्यावरही गाठी, आणि आत बाईंचं टेबल. आत गेलं की आपला श्वास ऐकू यायचा. इतकी शांतता मी तोपर्यंत ऐकली नव्हती, आणि ती मला जरा भेसूरच वाटली.

तपासणी अशी: कानावर डबे लावायचे, आत बारीक बारीक आवाज येणार, ऐकू आला की बोट वर करायचं. सोपं. पण मुकादमानं आधीच उठवून दिलं होतं की ज्याचा कान गेला त्याचं काम गेलं. झालं. सगळ्यांनी ठरवलं, कान जाऊ द्यायचा न्हाई. आणि आम्हाला त्याची काळजीही नव्हती, कारण बाई टेबलामागं समोरच बसल्या होत्या. त्या बटण दाबायच्या तेव्हा त्यांचा कोपर हलायचा. कोपर काय, पापणी हलली तरी आम्हाला पुरे. एकेक गडी आत गेला, मी गेलो, आणि सगळे बिलकुल पहिल्या नंबरात पास झालो. जे म्हातारे गडी घरी बायकोनं हलवल्याशिवाय उठत नसत त्यांचे कान तान्ह्या पोराचे निघाले. बाई कागद बघत बसल्या. त्यांनी यंत्र तपासलं, तारा तपासल्या, स्वतःच्या कानाला डबे लावून बघितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं, बटण दाबलंच न्हाई. नुसता कोपर हलवला. समोरच्या गड्याचं बोट वर. परत कोपर. परत बोट. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मंग त्यांनी शेठला बोलावलं आणि सगळ्यांपुढं वदवून घेतलं की कोणाचं काम जाणार न्हाई, आणि स्टूल उलटं फिरवलं. गाठींकडं तोंड, बाईंकडं पाठ.

आबाची पाळी आली तेव्हा मी गाठींना टेकून उभा होतो, बाईंनीच मला मदतीला ठेवलं होतं. आबा ऐटीत बसला. डबे लावले. बाईंनी बटण दाबलं, आबा शांत. जरा मोठा आवाज केला, आबा शांत. मंग आबाला बहुतेक वाटलं की फार वेळ झाला, आता बोट करायला पाह्यजे. त्यानं बोट वर केलं. आवाज नव्हता. परत केलं. मोंढ्यात मालावर बोली लावावी तसा तो मधूनच बोट वर करत राहिला आणि बाई मागं ओठ चावून हसू दाबत राहिल्या. पण हळूहळू त्यांचं हसू गेलं. कागदावरची रेघ सुरुवातीला बरी होती ती पुढं दरीत उतरल्यासारखी खाली गेली. मंग त्यांनी एक बारीक आवाज धरून तो हळूहळू वाढवत नेला. काही न्हाई, काही न्हाई, काही न्हाई; आणखी थोडासा वाढवला आणि आबानं दोन्ही डबे उपटून फेकले. "कान फोडता का बाई!"

मला एकदम आमची चूल दिसली. मी म्हणालो, "बाई, घरीबी असंच. मोठ्यानं बोल म्हणतात, अन् बोललं की वरडू नको."

बाईंनी खाली पडलेली एक सरकी उचलली, रुई निघून गेलेली. म्हणाल्या, "कानाच्या आत खोलवर अशीच बारीक लव असते. आवाज आला की ती हलते, तेव्हा आपल्याला कळतं. रोजच्या या गोंगाटानं ती झडते. सरकीची रुई एकदा निघाली की परत उगवते का? तसंच. आणि आधी बारीक आवाजांची लव जाते. बांगड्या, चिमण्या, बायकांचं बोलणं. जाड आवाज बरेच दिवस राहतात." मंग आबाकडं बघून, ओठ नीट हलवून म्हणाल्या, "चांगल्या कानात 'ऐकू आलं' आणि 'सोसवत नाही' यांच्या मधे मोठं शेत असतं मिस्त्री. तुमच्या कानात नुसता बांध उरलाय. बांधाच्या अलीकडे काहीच नाही, पलीकडे एकदम धडाका. तुम्ही हट्टी नाही, तुमचा कान तसा झालाय."

"म्हंजे मी बहिरा?"

"बहिरे नाही. निम्मं ऐकता, निम्मं बघता."

आबाला हे बिलकुल पटलं न्हाई. बाईंनी विचारलं, "घरी कोणाचं बोलणं कळत नाही?" आबा म्हणाला, "समद्यांचं कळतं." मी म्हणालो, "मायचं." आबा म्हणाला, "ती तर हल्ली नरम झाली बाई. वयानं. पहिल्यासारखं बोलत न्हाई." बाईंनी मला मायला बोलवायला पाठवलं.

माय आली ती तोंडाला पदर बांधूनच. बाईंनी तिला आबाच्या मागं चार पावलांवर उभं केलं. आबाच्या कानाला आता काही नव्हतं, तोंड गाठींकडं. बाई म्हणाल्या, "काहीही बोला यांच्याशी. घरी बोलता तसंच." मायनं पदर आणखी घट्ट केला. तिचं बोलणं बंद होतं हे बाईंना काय मालूम. बाई परत म्हणाल्या, "बोला की. त्यांना ऐकू येतं का ते बघायचंय." मायच्या डोळ्यांत जो राग आला तो मला पदरावरूनही दिसला. "आयकू येतं का?" ती म्हणाली. आणि सुरू झाली. हळूच, घरच्याच आवाजात, पण थांबेना. लुगडं नेसून दारात उभी राहिले ते. मांडवात भावाला खोटं सांगितलं ते. भाकर थापताना पाठीशी कोणी हाय का न्हाई असं वाटायचं ते. इतकी वर्षं "हं" ला धरून संसार केला ते. आबा गाठींकडं बघत शांत बसला होता. एकदा त्यानं खांदा खाजवला. एकदा गाठीवरची पट्टी ढिली दिसली ती बोटानं चाचपून बघितली. मायचा आवाज हळूहळू बदलत गेला. ती एक पाऊल पुढं आली, थांबली, माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि मंग जे तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. म्हणाली, "रंगनाथ."

आबा हलला न्हाई.

"रंगनाथा," माय म्हणाली.

आबानं पट्टीवरचं बोट काढलं आणि जांभई दिली.

माय तिथंच गाठीवर बसली. ती रडली का हसली हे मी आजही सांगू शकत न्हाई, पदर होता. मंग उठली, फिरून आबाच्या पुढं आली, गाठी आणि आबाच्या मधल्या सापटीत शिरली, आणि तोंडावरचा पदर सोडला. आबा दचकून बाईंकडं वळू लागला तर तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं. आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, मशीनवर गडी बोलतात तसं विचारलं, "लग्नाला का न्हाई आलात?"

आबानं तिच्या ओठांकडं बघितलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कोणाच्या लग्नाला?" तो म्हणाला.

गाठोडं त्या संध्याकाळी माझ्यादेखत सुटलं. पुढच्याच सुट्टीला दोघं पिंपळगावला जाऊन आले, लग्न उरकून पोरगी नांदायला गेल्यावर. आबानं आहेराचं धोतर मेहुण्याला उशिरा दिलं आणि मेहुणा म्हणे लई हसला. त्यानंतर माय चुलीपुढं बसली की आबाकडं तोंड करून बसायची, पदर खांद्यावर. भाकर कधी कधी करपायची. गल्लीत धोंडाबाईनं विचारलंच, "काय गं, आता उघड्या तोंडानं बोलती नवऱ्याशी?" माय म्हणाली, "त्याबिगर त्यांना दिसत न्हाई." आबानं मात्र शेवटपर्यंत कबूल केलं न्हाई की त्याचा कान गेला. भाकर मोडायची, पाटावर पुढं सरकायचं आणि म्हणायचं, "हं, बोल. मी बघून राह्यलो."

बाईंनी त्या वेळी मलाही पाठमोरा बसवला होता. माझीही लव झडायला लागलीय म्हणाल्या, कानात बोळे घालत जा. मी घातले न्हाईत. आजूबाजूला रुईचे डोंगर होते, बोळ्यांची काही कमी नव्हती, पण आवाजाला भिऊन कानात बोळे घालणारा गडी आमच्यात कोणी नव्हता आणि पहिला मी होणार नव्हतो. त्याचं फळ आता मिळालंय. मोठ्या पोरानं कानात घालायचं मशीन आणलं, चवळीच्या दाण्याएवढं. पहिल्या दिवशी सुनेनं स्टीलचं ताट ठेवलं तर मला वाटलं मोटारसायकल आडवी झाली. मी ते काढून डबीत टाकलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं की मला त्याची जरूर न्हाई. डबी अजून फळीवर आहे. सगळे समजतात मशीन तिच्यात आहे.

माझी बायको धावडा गावची. रीत तिचीही मायसारखीच. नाव म्हणून घेतलं न्हाई कधी. अलीकडं मी दुपारी टोपी कानापर्यंत ओढून ओट्यावर पाठमोरा बसतो आणि ती मागं शेंगा फोडत बसते. परवा तिनं शेंगा फोडता फोडता माझ्याबद्दल पुष्कळ काही ऐकवलं. निम्मं खरं होतं. मंग शेंगांचा आवाज थांबला. मागून हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं, ती म्हणाली, "किसन." जरा वेळानं परत, चव घेतल्यासारखं, "किसना."

हे लिहिलेलं तिला कळायची भीती न्हाई. वाचायला तिला चष्मा लागतो आणि ती म्हणते लागत न्हाई. लई हट्टी आहे.

मी वळलो न्हाई. जांभई दिली.